बागेच्या जागेवर शाळेचं बांधकाम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाग किंवा मैदान म्हणून राखलेल्या सार्वजनिक जागेवर वर्गखोली, स्वच्छतागृह, अंगणवाडी किंवा क्रीडासंकुल होणार असं कळलं की वस्तीत दोन गट पडतात. दोन्हीकडची माणसं आम्हाला लिहितात आणि प्रश्न बरेचसे तेच असतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. आमचं मत आधीच सांगतो. मुलांना शाळा हवी आणि झाडांखालची मोकळी जमीनही हवी. शहराच्या आराखड्यात सहसा दोन्हींसाठी वेगळी जागा आखलेली असते. भांडण होतं, कारण शाळेसाठी आखलेली जागा वर्षानुवर्षं कोणी ताब्यातच घेत नाही आणि मग आयती मोकळी दिसणारी बाग डोळ्यांत भरते.

कायद्याचा तपशील महाराष्ट्रातल्या शहरांचा आहे. गावासाठी प्रश्न १५ पाहा, गोव्यासाठी प्रश्न १६.

१. आमच्या घरासमोरची बाग कागदोपत्री खरंच बाग आहे का, हे कुठे कळेल?

महापालिकेच्या किंवा नगरपरिषदेच्या नगररचना विभागात मंजूर विकास आराखड्याचा भाग नकाशा मिळतो. आपला सर्व्हे नंबर किंवा सिटीएस (नगर भूमापन) नंबर घेऊन जा, नकाशाची प्रमाणित प्रत मागा आणि सोबत झोन दाखलाही, म्हणजे जागा आराखड्यात कशासाठी दाखवली आहे याचा दाखला, घ्या. मुंबईच्या २०३४ च्या आराखड्यात बागेला आरओएस १.५, खेळाच्या मैदानाला आरओएस १.४ आणि महापालिका शाळेला आरई १.१ असे संकेतांक आहेत. दुसरा कागद मालकीचा: शहरात मिळकत पत्रिका, हद्दीबाहेरून शहरात आलेल्या भागात सातबारा.

फाटकावरच्या पाटीवर विसंबू नका. ‘उद्यान’ अशी पाटी असलेली जागा आराखड्यात शाळेसाठी राखलेली निघाल्याची उदाहरणं आहेत (असं झालं तर प्रश्न १७). झुडपं वाढलेली, कचरा पडलेली, कोणी बागच न म्हणणारी जागा बागेसाठी राखीव असते, असंही होतं. पुढचं सगळं या एका नकाशावर ठरतं. त्यामुळे तो हातात आल्याशिवाय सह्यांची मोहीमसुद्धा सुरू करू नये, असं आम्ही प्रत्येकाला सांगतो.

२. बाग, मैदान आणि लेआउटमधली मोकळी जागा यांत काही फरक पडतो का?

पडतो. बाग आणि मैदान ही आराखड्यातली आरक्षणं आहेत. ती बदलायची तर राज्य सरकारची मंजुरी लागते (प्रश्न ५). लेआउटमधली मोकळी जागा, जिला सोसायटीत सगळे आरजी (रिक्रिएशन ग्राउंड) म्हणतात, ती भूखंड पाडताना नियमानुसार सोडावी लागते आणि तिच्यावर त्या लेआउटमधल्या रहिवाशांचा हक्क असतो. तिथे व्यायामशाळा, क्लब हाउस अशा काही गोष्टींना मर्यादित बांधकाम चालतं. शाळा त्यात बसते का, हे तुमच्या शहराची विकास नियंत्रण नियमावली पाहूनच सांगता येईल. मुंबई सोडून बहुतेक शहरांना २०२० पासून एकच एकत्रित नियमावली लागू आहे.

३. जागा पालिकेची, शाळाही पालिकेची. मग पालिकेने बांधलं तर बिघडलं कुठे?

हा प्रश्न फार जण मनापासून विचारतात आणि वरवर पाहता त्यात चूक काही नाही. पण पालिका त्या जागेची मालक असली तरी ती जागा तिच्याकडे विशिष्ट कारणासाठी, विश्वस्त म्हणून असते. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ हा पालिकेलाही बांधतो. कलम ४२ प्रमाणे आराखडा अंमलात आणणं हे तिचं कर्तव्य आहे आणि कलम ४६ प्रमाणे बांधकाम परवानगी देताना आराखड्याकडे पाहावंच लागतं.

बंगळूरची एक बाग १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गाजली. आराखड्यात उद्यान म्हणून राखलेली जागा मुख्यमंत्र्यांच्या आदेशाने एका खाजगी रुग्णालयासाठी दिली होती. रुग्णालय हीसुद्धा लोकांच्या उपयोगाची गोष्ट आहे, असा युक्तिवाद झाला. न्यायालयाने तो मानला नाही. बागेची जागा बागेसाठीच राहिली पाहिजे आणि परिसरातल्या रहिवाशांना त्यासाठी दाद मागण्याचा हक्क आहे, असं त्या निकालात स्पष्ट झालं. ‘काम चांगलं आहे’ एवढ्याने आरक्षण बदलत नाही. ते बदलण्याचा रस्ता वेगळा आहे आणि तो लोकांसमोरून जातो.

४. शाळेसाठी बाग दिली म्हणून न्यायालयाने निर्णय रद्द केल्याचं उदाहरण आहे का?

आहे, आणि ते दोन्ही बाजूंच्या लोकांनी समजून घ्यावं असं आहे.

दिल्लीतल्या सरिता विहार वसाहतीत दिल्ली विकास प्राधिकरणाने बागेच्या जागेतला तुकडा एका बालवाडीला दिला. रहिवासी न्यायालयात गेले. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की तो तुकडा बागेचाच भाग आहे आणि बागेसाठी राखलेल्या जागेतून बालवाडीसाठी जागा काढून देण्याचा अधिकार प्राधिकरणाला नव्हता. वाटप रद्द झालं.

त्या संस्थेच्या बाजूने दोन मुद्दे मांडले गेले होते. आपल्याकडच्या बैठकांतही हेच दोन मुद्दे ऐकू येतात. एक, बांधकाम झालेलं आहे. न्यायालय म्हणालं, बेकायदा दिलेल्या जागेवर बांधलं, म्हणून त्याला वजन नाही. दोन, लहान मुलांचे हाल होतील. न्यायालयाने तेही स्वीकारलं नाही, कारण मुलं जवळच्या दुसऱ्या शाळेत जाऊ शकत होती. शेवटी न्यायालयाने अधिकाऱ्यांकडे बोट दाखवलं: बांधकामं पडतात, पण ती होऊ देणारे मोकळे सुटतात, हे थांबलं पाहिजे.

मुलांच्या पालकांना हा निकाल कठोर वाटेल. आमच्या मते त्यात पालकांसाठी फार महत्त्वाची सूचना दडलेली आहे. चुकीच्या जागेवर शाळा उभी केली तर तिच्यावर कायम टांगती तलवार राहते आणि अखेरीस ती मुलांवरच पडते. पक्क्या जागेचा आग्रह पालकांनीच आधी धरला पाहिजे.

५. बागेचं आरक्षण बदलून शाळेचं करता येतं का?

येतं. नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ खाली ‘किरकोळ फेरबदल’ करता येतो. आराखड्याचं मूळ स्वरूप बदलणार नाही, एवढाच बदल यात बसतो. पालिका ठराव करते, राजपत्रात आणि इतर मार्गांनी सूचना काढते, एक महिन्याच्या मुदतीत कोणाच्याही हरकती व सूचना घेते आणि सुनावणी देते. मग प्रस्ताव राज्य सरकारकडे जातो. नगररचना संचालकांशी विचारविनिमय करून सरकार मंजुरी देतं किंवा नाकारतं. मंजुरी राजपत्रात आल्याशिवाय बदल झाला असं धरायचं नाही. ‘ठराव झालाय’, ‘मंत्रालयात फाइल आहे’ ही उत्तरं अपुरी आहेत.

दुसरी संधी आराखड्याच्या सुधारणेच्या वेळी असते. निदान वीस वर्षांतून एकदा आराखडा नव्याने पाहावा लागतो. ज्यांना आपल्या भागात शाळा हवी आहे, त्यांनी प्रारूप आराखडा प्रसिद्ध होताच मागणी नोंदवावी. नंतरच्या दहा आंदोलनांपेक्षा तिथली एक सुनावणी जास्त कामाची.

६. हरकत लिहायची कशी? वकील लागतो का?

वकील लागत नाही. साध्या कागदावर तुमचं नाव, पत्ता, सूचनेचा क्रमांक आणि तारीख, भूखंडाचा नंबर आणि तुमचं म्हणणं लिहा. आवक शिक्क्यासह पोच घ्या, नाहीतर सुनावणीच्या यादीत नाव सापडत नाही. सुनावणीत स्वतः बोलायचं आहे, असं शेवटी लिहायला विसरू नका.

छापील एकसारख्या पाचशे अर्जांपेक्षा वेगवेगळ्या मुद्द्यांचे वीस अर्ज अधिकाऱ्याला वाचावे लागतात. बागेत रोज कोण येतं, किती वाजता येतं, जवळची दुसरी बाग चालत किती लांब आहे आणि मधे कोणता रस्ता ओलांडावा लागतो, हे लिहा. शाळेसाठी दुसरी जागा कोणती हेही त्याच अर्जात लिहा (प्रश्न ७). नुसतं ‘नको’ लिहिलेली हरकत निकाली काढायला सोपी असते.

७. आम्ही बाग वाचवायला उभे राहिलो की आम्हाला ‘गरिबांच्या शाळेचे विरोधक’ म्हणतात. काय करावं?

हा आरोप झोंबतो, आणि काही वेळा त्यात तथ्यही असतं. टॉवरमधले लोक बागेसाठी भांडतात आणि मागच्या वस्तीतली मुलं दोन पाळ्यांत, एका बाकावर चौघं बसून शिकतात, असं चित्र अनेक शहरांत आहे. बालशिक्षण हक्काच्या राज्य नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असायला हवी. ती नसेल तर शाळेची मागणी पूर्णपणे न्याय्य आहे. बागप्रेमींनी हे पहिल्याच बैठकीत मान्य करावं.

त्यानंतर शाळेची जागा तुम्ही शोधा. आराखड्यात त्या प्रभागात शाळेसाठी किती भूखंड राखले आहेत, त्यातले किती पालिकेच्या ताब्यात आले, किती अजून खाजगी मालकाकडे आहेत, किती ठिकाणी भलतंच काही उभं आहे, हे माहितीच्या अधिकारात विचारा. पटसंख्या घटल्यामुळे बंद पडलेल्या किंवा अर्ध्या रिकाम्या पालिका शाळांच्या इमारती कुठे आहेत, हेही विचारा. आहे त्या शाळेवर मजला चढवता येईल का, यावर अभियंत्याचा अहवाल मागा. ही यादी घेऊन पालकांकडे जा. ‘बाग की शाळा’ हा प्रश्न तिथे ‘शाळेची राखीव जागा कधी ताब्यात घेणार’ असा होतो आणि त्याचं उत्तर पालिकेला द्यावं लागतं. दोन्ही गट त्या दिवशी एका बाकावर येतात.

८. मी मुख्याध्यापिका आहे. शाळेत मुलींसाठी धड स्वच्छतागृह नाही. भिंतीपलीकडे बाग आहे. तिथे चार शौचकुपं बांधली तर काय बिघडेल?

बाई, तुमची गरज तातडीची आहे आणि कायद्यातली आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीत मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह, पिण्याचं सुरक्षित पाणी, खेळाचं मैदान आणि आवाराला भिंत किंवा कुंपण ही सगळी शाळेची किमान गरज म्हणून नोंदलेली आहे.

पण कुंपण सरकवून बागेचा पट्टा आत घेऊ नका. पुढच्या मुख्याध्यापकांना ते अतिक्रमण म्हणून निस्तरावं लागेल. आधी शाळेच्या आवारातच जागा काढता येते का पाहा. जिन्याखाली किंवा जुन्या कोठीखोलीत अनेकदा निघते. नाहीच निघाली, तर बागेत जनतेसाठी स्वच्छतागृह लागतंच. ते उद्यान विभागाने भिंतीला लागून बांधावं, मुलींच्या भागाला शाळेच्या बाजूने दार ठेवावं आणि शाळेच्या वेळात बागेकडचं दार आतून बंद राहावं. बांधकाम बागेच्या सोयीचं राहतं, नियमावलीच्या मर्यादेत बसवता येतं आणि आरक्षणाला धक्का लागत नाही. देखभाल कोणाकडे, सफाई कामगार कोणाच्या हजेरीपटावर, हे मात्र लेखी ठरवून घ्या. अशा सोयी बंद पडतात त्या याच एका कारणाने.

९. दोन्ही गट एकमेकांशी बोलायला तयार नाहीत. बैठक कशी घ्यावी?

बागेत घ्या, कार्यालयात नको. प्रभागाचे सहायक आयुक्त, नगररचना आणि उद्यान विभागाचा प्रत्येकी एक अधिकारी, शिक्षण विभागाचा एक, मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समिती यांना लेखी बोलवा. या समितीत कायद्यानेच तीन चतुर्थांश पालक असतात. त्यामुळे शाळेची बाजू संस्थाचालकांऐवजी आईबापांच्या तोंडून ऐकायला मिळते.

बैठकीआधी एक काम करा. प्रस्तावित इमारतीच्या नकाशाची मापं घेऊन जमिनीवर फक्कीने आखणी करा. सुतळी आणि चार खुंट्या, बस. त्यात बांधकामाच्या वेळी लागणारा ट्रकचा रस्ता आणि सिमेंट-वाळूची जागाही आखा. संध्याकाळी पाच वाजता, मुलं खेळायला आणि आजी-आजोबा बाकांवर आल्यावर, सगळ्यांना त्या पांढऱ्या रेषेभोवती उभं करा. ‘कोपऱ्यातला थोडासा भाग’ म्हणजे घसरगुंडी, वडाचा पार आणि नळ, हे तेव्हा दिसतं. कधी उलटंही होतं. लोकांनी मनात धरलेल्या भीतीपेक्षा इमारत खूपच लहान निघते आणि विरोध तिथल्या तिथे मावळतो. दोन्ही गोष्टी झालेल्या आम्ही पाहिल्या आहेत. कागदावरचा आकडा कोणालाच पटत नाही, पायाखालची रेष पटते.

बैठकीचं इतिवृत्त त्याच ठिकाणी वाचून दाखवा आणि सह्या घ्या.

१०. आमच्या शाळेला मैदानच नाही. मुलांनी सार्वजनिक बाग वापरली तर चालेल का? काही तरी बांधावंच लागेल का?

बहुतेक वेळा काहीही बांधावं लागत नाही, आणि आमच्या अनुभवात टिकलेले तोडगे याच जातीचे आहेत. शाळेला हवे असतात दुपारचे काही तास. बागेचा गर्दीचा वेळ पहाटे आणि संध्याकाळी असतो. वेळ वाटून घेतली की जागा वाटावी लागत नाही.

हा वापर तोंडी नको. पालिका आणि शाळा यांच्यात लेखी करार हवा आणि तो बागेच्या फलकावर लावलेला हवा. वार आणि वेळ; त्या वेळात इतरांना प्रवेश आहे की नाही (आमचा आग्रह: फाटक बंद नको, मुलांसोबत शिक्षक असावेत); परीक्षा आणि मे महिन्याच्या सुटीत काय; क्रीडास्पर्धेसाठी वर्षातून किती दिवस पूर्ण मैदान; मांडव, मंडप आणि लाउडस्पीकर चालणार का; मुलाला इजा झाली तर जबाबदारी कोणाची; आणि करार किती वर्षांचा. अकरा महिन्यांचा करार मुदत संपल्यावर कोणी नवा करत नाही. तीन वर्षांचा बरा, मधे कधीही दोन महिन्यांच्या सूचनेने थांबवता येईल असा.

किल्लीचं वेगळं लिहितो, कारण भांडणं तिथेच होतात. एक किल्ली बागेच्या माळ्याकडे आणि एक शाळेच्या शिपायाकडे असली तरी दोघांच्या वरचा एक माणूस नावानिशी ठरलेला हवा. शिपाई रजेवर गेला की फाटक बंद राहतं, सकाळी चालायला आलेली माणसं बाहेर खोळंबतात आणि आठवडाभरात अर्ज सुरू होतात.

याची उलटी बाजूही मागा. ज्या पालिका शाळांना मैदान आहे, ती मैदानं शाळा सुटल्यावर आणि रविवारी वस्तीसाठी उघडी ठेवायला लावा. देवाणघेवाण दोन्हीकडून असली की करार जड जात नाही.

११. ‘ही बाग द्या, बदल्यात दुसरीकडे मोठी बाग देतो’ असं सांगतात. विश्वास ठेवावा का?

अटींवर ठेवा. बदली जागा पालिकेच्या ताब्यात आजच आहे का, ती चालत जाण्याच्या अंतरावर आहे का, क्षेत्र निदान तेवढंच आहे का, आणि ती बाग तयार होऊन लोकांसाठी उघडल्यानंतरच इथलं काम सुरू होईल का? दोन्ही फेरबदल कलम ३७ च्या एकाच प्रस्तावात यायला हवेत. एक आधी मंजूर आणि दुसरा ‘पुढील टप्प्यात’ असं असेल तर हरकत नोंदवा.

लांबची बदली जागा म्हणजे काय होतं, हे नवी मुंबईत दिसलं. घणसोलीतला शासकीय क्रीडासंकुलासाठी ठेवलेला वीस एकरांचा भूखंड सोडून संकुल शंभरावर किलोमीटर दूर, रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यात न्यायचा निर्णय सरकारने घेतला होता. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. घणसोलीतल्या मुलाने रोज माणगावला खेळायला जायचं कसं, याला उत्तर नव्हतं.

१२. बांधकामासाठी झाडं तोडणार आहेत. आरक्षण बदललं असेल तरी झाडांसाठी वेगळी परवानगी लागते ना?

लागते. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ खाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी स्वतंत्र घ्यावी लागते. तोडायच्या झाडावर नोटीस चिकटवावी लागते आणि वर्तमानपत्रातही द्यावी लागते. हरकतीची मुदत फार थोडी असते, म्हणून झाडावर कागद दिसला की त्याच दिवशी फोटो काढा आणि हरकत द्या. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरचं झाड वारसा वृक्ष ठरतं, आणि तोडलेल्या झाडाचं जेवढं वय तेवढी नवी झाडं लावावी लागतात. म्हणून झाडाच्या वयाची नोंद तपासा. जुन्या चिंचेचं वय पंधरा वर्षं लिहिलं असेल तर पहिली हरकत तिथेच घ्या.

१३. नारळ फुटला, जेसीबी आला. आता काय?

घाई करा, पण क्रमाने. पहिल्या दिवशी ठेकेदाराकडे किंवा प्रभाग कार्यालयात कार्यादेश (वर्क ऑर्डर) आणि बांधकाम परवानगीची प्रत मागा. काम सुरू असल्याचे तारखेसह फोटो ठेवा. आयुक्तांना किंवा मुख्याधिकाऱ्यांना आराखड्याची प्रत जोडून पत्र द्या आणि काम थांबवण्याची मागणी करा. विनापरवाना काम असेल तर त्यावर नोटीस बजावण्याचा अधिकार पालिकेला नगररचना अधिनियमातच आहे.

माहिती अधिकाराचा अर्ज त्याच दिवशी टाका: दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. उत्तराला तीस दिवस लागू शकतात, म्हणून कार्यालयात जाऊन कागद प्रत्यक्ष पाहण्याची मागणीही त्यातच करा. प्रशासकीय मान्यतेची टिपणी पाहिली की नगररचना विभागाचा अभिप्राय घेतला होता का, ते लगेच कळतं. पालिकेत प्रशासक असला तरी हेच नियम लागू राहतात.

तरीही काम चालूच राहिलं तर उच्च न्यायालय. तिथे पहिला प्रश्न असतो, ‘तुम्ही आधी कोणाकडे गेला होता आणि केव्हा?’ वर सांगितलेली पत्रं आणि पोच त्यासाठीच. पाया भरायच्या आधी गेलेल्यांचं म्हणणं आणि स्लॅब पडल्यावर गेलेल्यांचं म्हणणं वेगळं ऐकलं जातं.

१४. बागेच्या जागेवर पंधरा वर्षांपूर्वीच शाळा उभी राहिली. आज तिथे शेकडो मुलं शिकतात. आता तक्रार करावी का?

कायद्याच्या दृष्टीने वेळ गेली म्हणून बेकायदा काम आपोआप कायदेशीर होत नाही (प्रश्न ४). पण इतक्या वर्षांनी आलेल्या याचिकेला उशिराचं कारण द्यावं लागतं आणि न्यायालय समोरच्या मुलांकडे पाहतंच. आमचा सल्ला: शाळा पाडायची मागणी करू नका. उरलेली बाग मोजून घ्या, भूमी अभिलेख खात्याकडून हद्द कायम करून घ्या आणि शाळेचं कुंपण यापुढे एक फूटही सरकणार नाही, याची लेखी हमी मागा. शाळेच्या आवारातलं पटांगण संध्याकाळी लोकांना उघडं करून मिळालं तर गेलेल्या जागेतला काही भाग वापरात परत येतो.

एकच अपवाद. शाळेच्या नावाखाली लग्नाचा हॉल, दुकानं किंवा भाड्याचं पार्किंग चालत असेल, तर उशीर झाला तरी तक्रार जरूर करा.

१५. आमचं गाव आहे, विकास आराखडा नाही. गायरानावर शाळेचं मैदान आणि खोल्या बांधायच्या आहेत.

इथे कायदा शाळेकडे थोडा मऊपणे पाहतो. २०११ च्या जगपाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं हटवायला सांगितली, पण जिथे आधीच शाळा, दवाखाना अशी सार्वजनिक सोय उभी आहे तिथे अपवाद होऊ शकतो असंही म्हटलं. नवीन बांधकामासाठी मात्र ग्रामपंचायतीचा ठराव पुरेसा नसतो. गायरान सरकारचं आहे. प्रस्ताव तहसीलदारांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २२अ मुळे गायरान दुसऱ्या कामाला देण्यावर बंधनं आहेत. दुसरी योग्य जमीन उपलब्ध नाही, हे दाखवावं लागतं. ग्रामसभेत हा विषय घेताना ज्यांची गुरं तिथे चरतात त्या घरांना मुद्दाम बोलवा. त्यांचा आवाज सहसा इतिवृत्तात येत नाही.

शाळेच्याच जमिनीवर घरं चढली असतील तर २०२३ चा हरियाणातला निकाल कामाला येईल. मैदानाशिवाय शाळा असू शकत नाही, असं म्हणत सर्वोच्च न्यायालयाने बाजारभाव भरून ती अतिक्रमणं कायम करायला नकार दिला.

१६. गोव्यात हीच प्रक्रिया आहे का?

नाही. तिथे नगर व ग्राम नियोजन कायदा, १९७४ लागू आहे आणि कोमुनिदादच्या (गावच्या सामायिक मालकीच्या) जमिनींचे नियम त्याहून वेगळे. पणजीतल्या नगरनियोजन खात्यातून भूखंडाचा विभाग दाखला घेऊन सुरुवात करा. प्रश्न ९ आणि १० मधलं सगळं तिथेही जसंच्या तसं चालेल.

१७. आराखड्यात जागा शाळेची आहे. पालिकेने वीस वर्षं काही केलं नाही, म्हणून आम्ही रहिवाशांनी झाडं लावून बाग केली. आता शाळा येतेय. ती थांबवता येईल का?

हे उत्तर लिहिताना वाईट वाटतं, कारण अशा बागांमागे माणसांच्या आयुष्याचा मोठा काळ असतो. पण कायदा इथे शाळेच्या बाजूने आहे, आणि आमच्या मते न्यायही. प्रश्न ३ ते ५ मध्ये ज्या नियमाने बाग वाचते, त्याच नियमाने ही जागा शाळेची आहे. तो नियम आपल्याला नको तेव्हा सोडायचा म्हटलं तर पुढच्या वेळी बागेसाठी कोणत्या तोंडाने उभं राहणार?

मिळवण्यासारखं मात्र बरंच आहे. वास्तुविशारदाला नकाशा काढण्याआधी प्रत्येक झाड दाखवा, त्याचा घेर आणि जागा नोंदलेला तक्ता त्याच्या हातात द्या. इमारत झाडांच्या मधून बसवणं पहिल्या आराखड्यात सोपं असतं, मंजुरीनंतर जवळपास अशक्य. शाळेला मैदान ठेवावंच लागणार, ते बागेच्या सर्वांत सावलीच्या बाजूला येऊ दे आणि संध्याकाळी उघडं राहू दे. झाडांना पाणी घालणाऱ्या तुमच्यातल्या दोघांना शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकांना निमंत्रित म्हणून बसवण्याचा ठराव मागा. आणि या प्रभागात बागेसाठी राखलेला कोणता भूखंड अजून ताब्यात आलेला नाही, तो नकाशात शोधून त्याची मागणी याच सुनावणीत नोंदवा.